उसना बाल्कन: एका श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

२ जून

विषय ठरला. अमेरिकेतल्या इंडी फोकवाल्यांनी (छोट्या, स्वतंत्र कंपन्यांतून लोकसंगीताच्या वळणाची गाणी करणारे) बाल्कन, म्हणजे आग्नेय युरोपातल्या, संगीतातून काय उचललं आणि काय तिथेच ठेवून आले, यावर दीड तासाचं श्रवणसत्र. मध्ये चहा. जागा नेहमीची, वाचनालयाचा वरचा हॉल. मंडळीही नेहमीचीच: निम्मे शास्त्रीय ऐकणारे, थोडे रॉकवाले, आणि ‘काहीही लावा, आम्ही येतो’ म्हणणारे काका-काकू.

सुरुवात ‘बैरूत’पासून. शहर नव्हे, बँड. न्यू मेक्सिकोतल्या सांता फेचा झॅक कॉन्डन, जन्म १९८६, पोरवयापासून ट्रम्पेट वाजवणारा. परदेशी चित्रपट दाखवणाऱ्या थिएटरात त्याने काम केलं, सतराव्या वर्षी शाळा सोडून युरोपात भटकून आला, तिथे बाल्कन ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांचा बँड, कानात भरून घेतला आणि घरी परतून खोलीत बसून गाणी रेकॉर्ड केली. ट्रम्पेट त्याचा, अकॉर्डियन त्याचा, युकलेले त्याचा आणि मागचा भरघोस कोरस म्हणजेसुद्धा त्याचाच आवाज, एकावर एक थर चढवलेला. मनगटाच्या जुन्या दुखापतीमुळे गिटार नीट धरता येत नाही म्हणून युकलेले. २००६ च्या मे महिन्यात ‘बा दा बिंग’ या छोट्या कंपनीने ‘गुलाग ऑर्केस्टार’ हा अल्बम काढला आणि विशीतला पोरगा एकदम ‘बाल्कन इंडी’चा चेहरा होऊन बसला.

५ जून

आज ‘गुलाग ऑर्केस्टार’ नकाशा समोर ठेवून ऐकला. गाण्यांची नावं बघा: ‘ब्रांडेनबुर्ग’, ‘प्रेन्झलाउअरबर्ग’ (बर्लिनमधली वस्ती), ‘ऱ्हाइनलँड’, ‘ब्रातिस्लावा’, ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम इटली’. जर्मनी, स्लोव्हाकिया, इटली. यातलं बाल्कनमध्ये एकही नाही. ‘माउंट व्रोक्लाय’ नावाचा डोंगर कुठेच नाही; नाव पोलंडमधल्या व्रोत्स्वाफवरून घेतलेलं दिसतं आणि ते शहर नदीकाठच्या सपाटीवर आहे. त्यात बँडचं नाव लेबननच्या राजधानीचं. मुखपृष्ठावरचा फोटो लाइपझिगच्या एका वाचनालयातल्या पुस्तकातला. तो कोणी काढला हे तेव्हा बँडलाही ठाऊक नव्हतं. सर्गेई चिलिकोव्ह या रशियन छायाचित्रकाराचा तो फोटो असल्याचं मागाहून कळलं.

ही यादी सत्रात वाचून दाखवायची, पण हसं करण्याच्या सुरात नाही. इतक्या सगळ्या गावांची नावं लावून त्याने जो प्रदेश उभा केला, तो भूगोलातला नाहीच. जुना युरोप, पावसाळी चौक, ढिली पडलेली लष्करी बँडपथकं: अमेरिकेतल्या कोरड्या वाळवंटी गावात बसून पाहिलेलं ते स्वप्न आहे, आणि स्वप्न म्हणून ते पक्कं आहे. माझी तक्रार एवढीच की पाश्चात्त्य समीक्षकांनी त्याला सरसकट ‘बाल्कन’ म्हणून टाकलं.

९ जून

मागचा धागा सापडला. हा अल्बम आकाशातून पडलेला नाही.

‘न्यूट्रल मिल्क होटेल’चा १९९८ चा ‘इन द एअरोप्लेन ओव्हर द सी’ इंडीवाल्यांच्या देव्हाऱ्यात आहे. खरखरीत गिटार आणि मध्येच उसळणारी ब्रासची लाट हा त्याचा थाट. त्याचा गायक जेफ मँगम २००० साली बल्गेरियात कोप्रिवश्टित्साच्या मेळ्याला गेला. हा लोकसंगीताचा मेळा १९६५ पासून साधारण दर पाच वर्षांनी भरतो; डोंगरउतारावर ठिकठिकाणी मंच आणि गावोगावची मंडळी आपापलं घेऊन आलेली. मँगमने तिथलं ध्वनिमुद्रण केलं आणि २००१ मध्ये एक रेकॉर्ड काढली. तिच्यात तो गात नाही. गावकऱ्यांचं गाणं, गायदा म्हणजे तिथली मशकबाजा, लोकांची बडबड, सगळं एकमेकांत मिसळलेलं. चाहते नव्या गाण्यांची वाट बघत बसले होते, त्यांच्या हाती हे पडलं.

त्याच बँडचा ड्रमर जेरेमी बार्न्स. त्याने पुढे हेदर ट्रॉस्ट या व्हायोलिनवादिकेबरोबर ‘अ हॉक अँड अ हॅकसॉ’ उभं केलं. दोघांचं गाव आल्बुकर्की, कॉन्डनच्या सांता फेपासून तासाभराच्या अंतरावर. ‘गुलाग ऑर्केस्टार’वर एकट्या कॉन्डनखेरीज जे ताल आणि व्हायोलिन ऐकू येतं, त्यात या दोघांचा हात आहे. म्हणजे सगळं प्रकरण शेजारपाजारचं.

१२ जून

तबलेवाला मित्र संध्याकाळी आला. त्याला आधी काही सांगितलं नाही, नुसती एक बल्गेरियन कोपानित्सा, म्हणजे लोकनृत्याची धून, लावली. पहिल्या आवर्तनाला त्याचा हात मांडीवर आपटायला लागला, दुसऱ्याला थांबला. “अरे, हे सम कुठे धरतायत?”

कोपानित्सा ११ मात्रांची: २+२+३+२+२. आपल्याकडे ११ मात्रांचे ताल आहेत, रुद्र आहे. त्याने ‘तक तक तकिट तक तक’ म्हणत तीन-चार आवर्तनं पकडली आणि मग लय वाढली तशी सुटली. मग नाचणाऱ्यांचा व्हिडिओ लावला. पाय बघितल्यावर दोन मिनिटांत उलगडा झाला. नाचणारा अकरा मोजतच नाही. तो पाचच पावलं टाकतो: आखूड, आखूड, लांब, आखूड, आखूड. मधल्या पावलाला शरीर किंचित वर उचललं जातं आणि तो उचलण्याचा वेळ म्हणजे ती जादाची मात्रा. मित्राने मोजणं सोडलं, उभा राहून पाय टाकले, परत बसला आणि आता हात बरोबर पडला.

बाकीचे हिशेब त्यानेच वहीत उतरवले. पायदुश्को ५ (२+३). रचेनित्सा ७ (२+२+३). दायचोवो ९ (२+२+२+३). मॅसिडोनियातला लेस्नोतो ७, पण ३+२+२. हा शेवटचा ऐकून तो हसायलाच लागला, कारण विभागणी आपल्या रूपकाची: ती ती ना, धी ना, धी ना. त्याने रूपक धरला आणि लेस्नोतोवर तो चपखल बसला. गंमत अशी की रूपकाची सम ‘खाली’च्या हलक्या मात्रेवर, आणि लेस्नोतोत पहिलं लांब पाऊलच सगळ्यांत वजनदार. अंक तेच, तोल वेगळा. हा तुकडा सत्रात प्रत्यक्ष करून दाखवायचा. तबल्याला गादी लागेल, हॉलवाल्यांना सांगणे.

रुमानियन संशोधक कॉन्स्टंटिन ब्रायलोयू यांनी या लंगड्या चालीच्या तालांना तुर्की परंपरेतलं ‘अक्साक’ हे नाव लावून त्यांची मांडणी केली. हे एका वाक्यात उरकायचं.

मग मुद्दाम ‘बैरूत’ लावलं. मित्र दोन गाणी ऐकून म्हणाला, “हे सगळं चारात नाहीतर तीनात आहे.” बरोबर. ‘एलिफंट गन’ तर सरळ वॉल्ट्झ. ब्रास आहे, अकॉर्डियन आहे, हुंदका आहे, पण ते लंगडं पाऊल नाही. नाचायचं नसलं की पाऊल कशाला लागतं? खोलीत एकट्याने केलेल्या संगीताला नाचणाऱ्यांचं बंधन नसतं.

१३ जून

जोडनोंद. हे ताल बाल्कनबाहेर नेणारे आधीही होते. हंगेरियन संगीतकार बार्तोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानो-धड्यांचा शेवट बल्गेरियन तालांतल्या सहा नृत्यांनी होतो, पियानो शिकणारी पोरं अजून त्यावर अडखळतात. आणि अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक: १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून २+२+२+३ ऐकलं, १९५९ च्या ‘टाइम आउट’मध्ये ‘ब्लू राँडो’ आला. त्याच दौऱ्यात तो मुंबईतही वाजवून गेला होता. हॉलमधल्या ज्येष्ठांपैकी कोणी तेव्हा हजर होतं का, विचारून बघायला हवं.

१४ जून

पेटीवर हिजाज (तुर्की-अरबी परंपरेतला मकाम, म्हणजे त्यांचा राग) वाजवून बघितला. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, पुढे कोमल धैवत, कोमल निषाद. आपला बसंत मुखारी. त्याला हिजाज भैरव म्हणणारेही आहेत. मॅसिडोनियातल्या कोचानी ऑर्केस्टार या ब्रास बँडच्या क्लॅरिनेटमध्ये हा रंग पदोपदी, ‘बैरूत’मध्ये मात्र बहुतेक साधा मायनर. वेगळं बोलायला नको, सुरांचा तुकडा वाजवला की कळेल.

१७ जून

आजचा दिवस मास्तरांचा. लग्नाच्या बँडमध्ये हयात घालवलेले ट्रम्पेटवादक, आता सीझनपुरतेच वाजवतात. त्यांच्या दुकानात बसलो, भिंतीला युफोनियम टांगलेलं, बाजूला झालर लावलेल्या टोप्यांचा ढीग.

बोबान मार्कोविचचं पथक लावलं. दक्षिण सर्बियातल्या व्लादिचिन हानचा हा माणूस गूचाच्या मेळ्यात गाजला. १९६१ पासून गूचाला ट्रम्पेटवाल्यांची स्पर्धा भरते. मास्तरांनी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. “दादा, यांना पिस्टन नाही. हे बघा, फिरकीचे व्हॉल्व्ह आहेत.” बरोबर होतं. पुढच्या रांगेत ट्रम्पेटपेक्षा फ्लूगलहॉर्न जास्त, म्हणून आवाज टोचत नाही, गोल येतो. मधली फळी टेनर हॉर्नची, ती अखंड ‘चक-चक’ अशी मात्रांच्या मधल्या जागा भरते. खाली गळ्यात अडकवलेला हेलिकॉन, ट्युबासारखा खर्जाचा. मोठा ढोल, वर झांज बसवलेली. मास्तरांचं सगळं लक्ष मधल्या फळीवर. “पुढचा कोणीही वाजवेल. ही मधली माणसं थकत नाहीत, हे बघण्यासारखं आहे. आमच्यात मधलाच पहिला दम टाकतो.”

मग पाहुणे ट्रम्पेटवाल्याच्या घामेजल्या कपाळावर नोटा चिकटवतायत तो भाग आला. मास्तर खूश. “आमच्याकडे ओवाळून टाकतात. ढोलवाला तोंडाने उचलतो. पैसे सारखेच, पद्धत निराळी.”

मूळही बरंचसं सारखं. आपल्याकडे इंग्रजी पलटणींचे बँड होते, त्यांतून वरातीचे बँड आले. उस्मानी साम्राज्यात १८२६ मध्ये सुलतानाची जॅनिसरी फौज मोडली, तिच्यासोबत तिची जुनी मेहतेर वादकपथकंही गेली, आणि दोन वर्षांत ज्युसेप्पे डोनिझेत्ती हा इटालियन सुलतानासाठी पाश्चात्त्य धर्तीचा बँड उभा करायला इस्तंबूलला पोचला. सर्बियात प्रिन्स मिलोशच्या दरबारी १८३१ मध्ये योसिफ श्लेझिंगरने पथक बांधलं. पितळी वाद्यं बराकीतून गावात उतरली, रोमा (जिप्सी) वादकांच्या हाती लागली आणि झुर्ला-तुपानवर (आपल्या सनई-ढोलासारखी जोडी) वाजणारं लग्नाचं संगीत त्यांवर चढलं.

मास्तरांना शेवटी ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम इटली’ ऐकवलं. शांतपणे पूर्ण ऐकलं. “पोरगा चांगला आहे. पण वरातीत नाही चालणार. लोक थांबून ऐकत बसतील, नवरदेव पुढे कसा सरकणार?”

हे वाक्य सत्रात त्यांच्या परवानगीने वापरायचं. कदाचित त्यांनाच बोलवावं.

२० जून

सत्राचा कणा आज सापडला. दोन अल्बम, दोन्ही २००६ चे, दोन्हीत तेच मित्र एकमेकांच्या कामात. एक ‘गुलाग ऑर्केस्टार’. दुसरा ‘अ हॉक अँड अ हॅकसॉ’चा ‘द वे द विंड ब्लोज’, ज्यात कॉन्डनचा ट्रम्पेट आहे. पहिला खोलीत बसून केला. दुसऱ्यासाठी बार्न्स आणि ट्रॉस्ट रुमानियातल्या झेचे प्रझिन गावी गेले.

हे ‘फानफारे चोकर्लिया’ या ब्रास पथकाचं गाव, मोल्दोवा भागातलं, रोमा वस्तीचं. १९९६ मध्ये हेन्री अर्न्स्ट हा जर्मन ध्वनितंत्रज्ञ तिथे जाऊन पोचला. तोवर ही मंडळी आसपासच्या लग्नांत आणि मयतींत वाजवत होती, त्यानंतर जगभर. त्यांचा वेग ऐकला की आधी रेकॉर्ड चुकीच्या स्पीडवर लागली की काय असं वाटतं.

फरक कुठे ऐकू येतो ते तीन-तीन वेळा लावून नक्की केलं. ‘गुलाग’मध्ये ब्रास म्हणजे भिंत. एकाच माणसाचे बरेच ट्रम्पेट, सगळ्यांचा श्वास एकाच ठिकाणी. ‘विंड’मध्ये जिथे गाववाले येतात, तिथे श्वास वेगवेगळ्या जागी तुटतात, एक जण किंचित पुढे पळतो, दुसरा त्याला ओढून धरतो. ती ओढाताण एकट्याने थर चढवून येत नाही. त्यासाठी खोलीत माणसं लागतात.

पुढे बार्न्स-ट्रॉस्ट बुडापेस्टला जाऊन राहिले, हंगेरियन वादकांबरोबर ‘हुन हँगार एन्सेम्बल’ म्हणून काम केलं, त्यात सिंबालोमसुद्धा आला. सिंबालोम म्हणजे आपल्या संतूरचा धिप्पाड भाऊबंद. २००९ चा ‘देलिव्हरान्स’ही बुडापेस्टचाच. कॉन्डन मात्र पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, ‘द फ्लाइंग क्लब कप’ घेऊन फ्रेंच शांसाँ गाण्यांकडे वळला. बाल्कन त्याच्यासाठी मुक्काम नव्हता. पण त्यानंतर तो मेक्सिकोत ओआहाकाजवळच्या तेओतित्लान देल व्हाये गावी गेला आणि तिथल्या हिमेनेझ बँडसोबत बसून ‘मार्च ऑफ द झापोटेक’ केला; तो २००९ मध्ये बाहेर आला. म्हणजे जाऊन बसण्याची चव त्यालाही लागली, फक्त दुसऱ्या खंडात.

माझं मत: ‘विंड’ अधिक खरा, ‘गुलाग’ अधिक लक्षात राहणारा. हे दोन्ही एकाच वेळी मान्य करायला लोक का-कू करतात. त्यांच्या दृष्टीने उसनं घेणारा एक तर चोर तरी असतो, नाहीतर संत.

२२ जून

कात्री. ‘गोगोल बोर्देलो’ गेलं (यूजीन हुत्झ मूळ युक्रेनचा, मामला पंकचा, फोकशी संबंध दूरचा). डेन्व्हरचं ‘डेव्होच्का’ गेलं, चांगलं असूनही. मेक्सिकन मारियाची आणि पूर्व युरोप यांचं ते मिश्रण समजावत बसलो तर चहा गार होईल. शांतेलचं बुकोविना क्लब म्हणजे डान्स फ्लोअरची वेगळीच कथा, तेही गेलं.

एक मात्र ठेवलं: न्यूयॉर्कचं ‘झ्लात्ने उस्ते’. १९८० च्या दशकातलं हौशी अमेरिकनांचं पथक, म्हणजे इंडीवाल्यांच्या कितीतरी आधीचं. ही मंडळी तालीम करकरून गूचापर्यंत पोचली. त्यांच्या मांडणीत नवं फारसं नाही आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. ब्रुकलिनमधलं ‘स्लाविक सोल पार्टी’ त्याच वाटेवरचं, पण त्यांनी जॅझ आणि फंक मोकळेपणाने घुसवलं. वर्षानुवर्षं दर मंगळवारी ‘बार्बेस’ नावाच्या चिंचोळ्या बारमध्ये वाजवत आले. अशा साप्ताहिक रतिबाने जे हाडात मुरतं ते अल्बमभर दौऱ्याने येत नाही.

२६ जून

बल्गेरियन बायकांचे आवाज घ्यायचे की नाही यावर घोडं अडलं होतं. मोह जबर आहे. मार्सेल सेलिए या स्विस संग्राहकाने १९७५ मध्ये काढलेली रेकॉर्ड, तिची कॉपीवर कॉपी झालेली कॅसेट ‘बाउहाउस’ या रॉक बँडच्या पीटर मर्फीकडून ‘फोर एडी’ कंपनीच्या मालकाकडे पोचली, १९८६ मध्ये कंपनीने ती नव्याने काढली आणि पाश्चात्त्य ‘वैकल्पिक’ कानांना बाल्कनची पहिली मोठी लस टोचली गेली. दुसऱ्या भागाला १९९० मध्ये ग्रॅमी. केट बुशने १९८९ च्या अल्बमसाठी ‘त्रिओ बुल्गार्का’ला बोलावलं.

ऐकणाऱ्यांना वाटलं, हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी जसंच्या तसं हाती लागलं. प्रत्यक्षात ते आवाज गावातले, षड्जाला रिषभ घासून गाण्याची शोप भागातली रीत गावातली, पण बसवलेली मांडणी विसाव्या शतकातल्या शिकलेल्या संगीतकारांची, फिलिप कुतेव यांच्यासारख्यांची. कुतेवांनी १९५० च्या सुमारास सरकारी संच उभारला, खेड्यापाड्यांतून गळे निवडून आणले. म्हणजे उसनवारी बल्गेरियातच सुरू झाली होती, गावाकडून राजधानीकडे. तेव्हा कॉन्डनला एकट्याला पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नाही.

एकच गाणं ठेवलं. वाल्या बाल्कान्स्काचं, १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानाच्या सोनेरी तबकडीवर गेलेलं. त्यात वाद्यवृंद नाही; गायदा आणि गळा, बस.

२९ जून

क्रम पक्का. आधी ‘बैरूत’, मग मूळ. उलट केलं तर पोरगा उगाच बिचारा वाटतो. कोचानी ऑर्केस्टारचं ‘सिकी सिकी बाबा’ ‘बैरूत’वाले मैफलीत वाजवतात, ही जोडी चहाआधी, लागोपाठ, मध्ये एक शब्द न बोलता. मग रूपक-लेस्नोतो. चहा. मग २००६ चे दोन अल्बम, मग मास्तर, शेवटी बाल्कान्स्का.

५ जुलै

सत्र झालं. पाऊस असूनही हॉल भरला.

‘सिकी सिकी’ची जोडी लागली तेव्हा ‘बैरूत’च्या वेळी मंडळी डोळे मिटून बसली होती, कोचानी सुरू झाल्यावर पहिल्या रांगेतल्या काकूंचा पाय हलायला लागला आणि मग ओळीने सगळ्यांचे. मला काही बोलावंच लागलं नाही. गाणं शिकवणाऱ्या एक ताई कॉन्डनच्या आवाजावर म्हणाल्या, “याच्या गळ्यात गाव नाही हो, थिएटर आहे. पण थिएटर वाईट कोण म्हणतंय?” त्यावर रॉकवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

लेस्नोतोला तबला रंगला, कोपानित्साला मित्राने लोकांना उभं करून पाच पावलं टाकायला लावली. जागा कमी, खुर्च्या पडल्या, वाचनालयाचे शिपाईमामा वर येऊन बघून गेले.

ब्रूबेकला मुंबईत ऐकलेलं कोणी निघालं नाही.

मास्तर ट्रम्पेट घेऊनच आले होते. हिजाजमधला एक छोटा तुकडा त्यांनी कानाने उचलला आणि वाजवून दाखवला, शेवटाला आपल्या वरातीतली उठाण जोडून. त्यांना आता कोपानित्साचं नोटेशन हवं आहे, बी फ्लॅटमध्ये लिहिलेलं आणि मधल्या फळीचे पार्ट वेगळे. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, त्याआधी पोरांकडून बसवून घेतो म्हणाले. अकरा मात्रांवर नवरदेव पुढे सरकेल का, असं विचारलं. म्हणाले, “बघू. पहिल्यांदा आपल्याच गल्लीतल्या वरातीला लावू.”

पार्ट लिहायला या रविवारी बसतो.